एवढा कोपरा राहिलाय

बाहेरच्या खोलीची भिंत आठ महिने अर्धी पिवळी आणि अर्धी मळकी होती. रंगाऱ्याच्याच घरची भिंत अर्धवट, ही खरं तर हसण्यासारखी गोष्ट. पण त्या घरात तिच्याकडे बघून कुणाला हसू यायचं नाही. पस्तीस वर्षं काका शिडीवर आणि काकू शिडी धरून खाली, असा त्यांचा संसार झाला. काकू गेल्या आणि काका स्टुलावर चढायचेसुद्धा थांबले. दिवा बदलायचा झाला तरी जावयाला बोलावणं जाई.

शेवटी मुलीनेच मनावर घेतलं. "बाबा, सुट्टीच्या दिवशी आपण कातळ चढायला जायचं. अगदी नवशिक्यांसाठी आहे."

"मी काय पाल आहे?"

"नाही. पण शिकवणारी घोरपड आहे."

घोरपड म्हणजे मुलीची शाळेतली मैत्रीण. भिंतींवर सरसर चढायची म्हणून पडलेलं नाव, पुढे तिने त्यालाच धंदा केला. काका नाही म्हणाले, पण सुट्टीच्या दिवशी सवयीने खांद्यावर फडकं टाकून गाडीत जाऊन बसले.

कातळ दोन मजल्यांएवढा उंच होता, आणि पायथ्याशी आणखी दहा-बारा नवशिके जमले होते. हात कुठे धरायचा, पाय कुठे ठेवायचा, ते दाखवायला घोरपडीने सकाळीच खडूने बाण काढून ठेवले होते. चढणाऱ्याच्या कमरेचा दोर वरच्या कडीतून फिरून खाली दुसऱ्याच्या पट्ट्यात येत होता.

"हे दुसरं टोक कोण धरणार?" काकांनी विचारलं.

"हा धरेल ना," मुलीने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

जावई घड्याळं दुरुस्त करायचा आणि त्यातल्या काट्यांइतकाच बारीक होता. काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि स्वतःच्या कमरेची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.

पहिली पाच मिनिटं ते नुसते कातळाला चिकटून उभे होते. मग हातांना जुनं काहीतरी आठवलं असावं. काका चढू लागले, आणि चांगले झपाझप चढू लागले. घोरपड कुणाच्या तरी हेल्मेटचा पट्टा आवळत होती. तिने मान वर केली आणि किंचाळलीच.

"काका! अहो, बाण पुसताय काय!"

रंग द्यायच्या आधी भिंत पुसायची, ही पस्तीस वर्षांची शिस्त. काका एकेक बाण फडक्याने स्वच्छ करत माथ्यापर्यंत पोचले होते.

"केवढा खडू माखून ठेवलाय कुणी!"

"मी!"

"भिंतीवर लिहू नये, हे शाळेत शिकवलं नाही का तुम्हाला?"

घोरपडीने राग गिळला. "बरं, आता हात सोडा आणि पट्ट्यात बसा. आम्ही हळूहळू खाली घेतो."

"हात सोडू? काहीतरीच काय! आलो तसा पाय टाकत उतरेन." त्यांनी एक पाय खाली सोडून चाचपला. "पायरी कुठे गेली?"

"बाणापाशी!"

"आणि बाण?"

खाली सगळे काकांच्या खांद्यावरच्या फडक्याकडे बघू लागले.

वीस मिनिटं गेली. सल्ले देणारे बरेच होते, ऐकणारा एकच आणि तोही कातळाला मिठी मारून. वरचं नीट दिसावं म्हणून जावयाने जमिनीतल्या कडीला बांधलेला आपला पट्टा सोडला आणि चार पावलं मागे आला. त्याच वेळी मुलीने थर्मास उघडला आणि सहज ओरडली, "बाबा, उतरा आता, चहा झालाय!"

"एवढा कोपरा राहि..." काकांच्या तोंडून निघालं. वाक्य तिथेच थांबलं आणि हात आपोआप सुटले.

काका खाली आले, म्हणजे अर्धेच आले. कारण तेवढाच जावई वर गेला. मधोमध दोघांची नाकाला नाक लागून गाठ पडली, दोर अडकला आणि दोघं लोंबकळत राहिले.

"हलू नका!" घोरपड दुसऱ्या दोराकडे धावली.

"जावईबापू, तुम्ही वर कशाला आलात?"

"मी कुठला येतोय बाबा, तुम्ही पाठवलंत."

काका हसायला गेले, पण ते जमलं नाही. हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी बाहेरच्या खोलीची अर्धी भिंत होत आली होती, तेव्हा तिने आतून तीन हाका मारल्या. चहा झालाय, चहा झालाय. मी म्हटलं, एवढा कोपरा राहिलाय. चौथी हाक आली नाही म्हणून उतरलो, तर ती ओट्याखाली पडलेली. चहा गार झाला होता. पहिल्या हाकेला उतरलो असतो तर?"

तुमच्या हातात काही नव्हतं, असं आठ महिने प्रत्येकजण सांगत आला होता. जावयाच्याही ते ओठावर आलं. पण इतक्या जवळून माणसाला खोटं सांगवत नाही.

"बाबा, घड्याळ किती वाजता बंद पडलं ते मी सांगू शकतो. आधी उघडलं असतं तर चाललं असतं का, ते मला नाही सांगता येत."

काका रडू लागले. दोन्ही हात दोराला, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. जावयाने एक हात मोकळा करून त्यांच्या खांद्यावरचं फडकं घेतलं आणि त्यांचा चेहरा नीट पुसला. पुसलेल्या सगळ्या बाणांचा खडू काकांच्या तोंडाला लागला. त्यांना खाली उतरवलं तेव्हा तो पांढराफटक चेहरा बघून मंडळी खो-खो हसली. मुलीने मात्र त्यातले दोन ओले ओघळ पाहिले आणि चहाचा कप पुढे केला.

पुढच्या सुट्टीला काकांनी पिवळ्या रंगाचा डबा उघडला. एका बाजूने मुलीने शिडी धरली, दुसऱ्या बाजूने जावयाने, आणि त्याने कमरेचा पट्टा खिडकीच्या गजाला बांधून घेतला होता. काकांनी आधी भिंत पुसली, मग ब्रश उचलला. दुपारपर्यंत छताजवळचा हातभर कोपरा तेवढा उरला. मुलगी कधीच आत गेली होती.

"बाबा, चहा झालाय!"

जावई वर बघून म्हणाला, "अहो, एवढा कोपराच राहिलाय. उरकून टाका की."

पण काका तोवर निम्मी शिडी उतरले होते.

तो कोपरा अजून तसाच आहे. रंगाऱ्याच्या घरी असं कसं, म्हणून कुणी विचारलंच, तर काका सांगतात, "हाक आली होती."