साळिंदराचा एकुलता एक ठसा

एका जंगलात, मुलांनो, पूर्वी फक्त वाघाची भीती होती. मग तिथे ऑफिस आलं.

ऑफिस एका जुन्या वडाखाली होतं. तिथे 'वाघ कुठाय' नावाचा प्रोग्रॅम बनत असे. हरणांनी, सांबरांनी, माकडांनी तो आपापल्या मोबाईलवर घेतला होता. पाण्याला निघण्याआधी त्यात बघायचं. हिरवा दिवा दिसला तर निघायचं. लाल दिसला तर तहान आवरायची.

वाघानेही तो घेतला होता. आपण नेमके कुठे आहोत, हे त्याला त्यातूनच कळायचं. त्याचं वय झालं होतं.

हा प्रोग्रॅम पळसाच्या पानांवर लिहीत. लिहून झालेलं पान वडाच्या ढोलीत टाकलं, की ते सगळ्यांच्या मोबाईलवर जाई. कसं जाई, ते मला विचारू नका. तिथल्या वरिष्ठांनाही ते ठाऊक नव्हतं आणि त्यांचं काही अडत नव्हतं.

रीत एकच होती. ज्याने पान लिहिलं, त्याने खाली आपल्या पायाचा ठसा उमटवायचा. वर्षाअखेरी वरिष्ठ ठसे मोजत. जास्त ठसे असतील तो कामसू. कमी असतील तो ऐतखाऊ. हिशेब कसा सोपा, नाही का? वरिष्ठांना सोपे हिशेब फार आवडतात.

या ऑफिसात ऊर्जिता नावाची एक टिटवी कामाला लागली. आभाळ पडलंच तर पेलायला म्हणून टिटव्या पाय वर करून झोपतात, असं म्हणतात. ऊर्जिताला पेलण्यात रस नव्हता. तिला आभाळाला जाब विचारायचा होता. आवाजही तसाच होता. ती कुजबुजली तरी पलीकडच्या डोंगरावर ऐकू जाई.

तिच्या टीमची प्रमुख होती शलाकाताई नावाचं साळिंदर. लांबून बघाल तर काटेच काटे. जवळ जाल तर एक काटा उपटून तुमच्या हातात ठेवणार.

"हे घे. लिहायला बरं पडतं," असं ती पहिल्या दिवशी ऊर्जिताला म्हणाली.

"ताई, दुखलं नाही तुम्हाला?"

"दुखलं ना. म्हणून तर नीट लिही."

पहिल्याच महिन्यात ऊर्जिताने एका पानावर लाल आणि हिरवा उलटा लिहिला. एक सांबर हिरवा दिवा बघून पाण्यावर गेलं, तर काठावर साक्षात वाघ. नशीब सांबराचं, की वाघानेही मोबाईलवर हिरवा दिवा बघितला होता. आपण इथे नाहीच, असं समजून तो गप्प पडून राहिला. सांबर वाचलं. पण बोभाटा व्हायचा तो झालाच.

ऑफिसचे साहेब म्हणजे गवेसाहेब. गवा जातीचे. शिंगं मोठी, मान त्याहून मोठी. ते डुरकले, "कुणाचं पान आहे हे?"

ऊर्जिताने वाकून पान बघितलं. पानाखाली तिच्याच तीन बोटांचा ठसा होता. तेवढ्यात शलाकाताई पुढे आली. तिने आपला रुंद पंजा त्या ठशावर दाबला. तीन बोटं दिसेनाशी झाली.

"माझं," ती म्हणाली. "मी बघून सोडलंय."

पुढचे तीन दिवस ती ऊर्जिताशेजारी बसली आणि एकेक ओळ तिच्याकडून तपासून घेतली. गुंता कसा सोडवायचा ते दाखवलं. पान नीट झाल्यावर ऊर्जिता म्हणाली, "आता यावर तुमचा ठसा हवा."

"लिहिलं कुणी?"

"मी. पण सुचवलं तुम्ही."

"सुचवणाऱ्याचा ठसा उमटत नसतो गं. दाब पाय, आणि चल, जांभळं खाऊ."

हे एकट्या ऊर्जिताचं नव्हतं. टीममध्ये निनाद नावाचा ससा होता. साधा ढग गडगडला तरी तो पान अर्धवट टाकून बिळात शिरायचा. ते पान शलाकाताई पुरं करायची आणि बिळाच्या तोंडाशी नेऊन म्हणायची, "निनाद, नुसता पाय बाहेर काढ. ठसा तेवढा राहिलाय." त्याच्याकडेही तिचाच काटा होता. सगळ्यांकडे होता. तिच्या पाठीवर मात्र आता इथे तिथे टक्कल दिसू लागलं होतं.

वर्ष सरलं. ठसे मोजायचं काम कूर्मेकाकांकडे होतं. कूर्मेकाका म्हणजे कासव. दीडशे वर्षांचा अनुभव. त्यातली एकशे चाळीस वर्षं एकाच जागी बसून. एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंत जायला त्यांना अर्धा दिवस लागे आणि त्या अर्ध्या दिवसात ते पहिल्या पानाचा आकडा विसरत. तरीही त्यांनी मोजणी पुरी केली.

"ऊर्जिता, दोनशे तीस. निनाद, एकशे नव्वद." काकांनी मान आत घेतली, पुन्हा बाहेर काढली. "शलाका, एक. आणि तोही सांबराच्या भानगडीचा."

"म्हणजे वर्षभरात एकच काम केलं आणि तेही चुकीचं?" गवेसाहेबांनी शेपटी आपटली. "त्यांना खडकाळ माळावर पाठवा. विंचवांच्या तक्रारी ऐकायला कुणीतरी हवंच आहे."

बातमी वडाखाली आली. ऊर्जिता फडफडत शलाकाताईकडे गेली.

"ताई, तुम्ही बोला ना काहीतरी!"

"काय बोलू? ठसे नाहीत, हे खरंच आहे."

"अहो, पण का नाहीत, ते सांगा!"

"ते सांगितलं की सांबराचं पानही सांगावं लागेल." शलाकाताईने उरलेले काटे झटकले. "विंचूसुद्धा बोलायला बरे असतात गं. शेपटीकडून गेलं नाही म्हणजे झालं."

"विंचू बरे असतील. आमचं काय? ढग गडगडला की या निनादकडे कोण बघणार?"

निनादने बिळातून एक कान बाहेर काढला. "मला मध्ये घेऊ नका," तो म्हणाला आणि रडू लागला.

दुसऱ्या दिवशी कौतुकसभा होती. वर्षातून एकदा सगळ्यांनी जमायचं आणि एकमेकांचे गुण गायचे. आधी थोरांनी थोरांचे गायचे. थोरांचं संपलं की लहानांनी. थोरांचं आजवर कधी संपलं नव्हतं.

कूर्मेकाका बोलत होते. "आमच्या वेळी, म्हणजे हा वड लावला तेव्हा..."

"काका, पुरे!"

सभा चपापली. टिटवी वडाच्या मधल्या फांदीवर उभी होती.

"बस खाली, पोरी. मोठी माणसं बोलतायत," काका म्हणाले.

"दीडशे वर्षं बोलताय, काका. दोन मिनिटं ऐका. सांबराचं ते पान माझं होतं! ताईंनी माझ्या ठशावर स्वतःचा पंजा दाबला. तुम्ही ठसे मोजलेत, पण अक्षर कशाने उमटलंय ते बघितलंत? आणा रे ते काटे!"

सगळ्यांनी आपापले काटे पुढे टाकले. बघता बघता काळ्यापांढऱ्या काट्यांचा ढीग झाला. इतक्यात आभाळात ढग गडगडला. निनाद थरथरला, पण बिळात गेला नाही. मागच्या पायांवर उभा राहून म्हणाला, "माझी निम्मी पानं ताईंनी लिहिलीत. मी नुसता पाय बाहेर काढायचो."

मग एकेक जण उठला. ज्याला त्याला काही ना काही सांगायचं होतं. शलाकाताई मान खाली घालून बसली होती. लपायला अंगावर काटेही पुरेसे उरले नव्हते.

गवेसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. गव्याचे डोळे मोठे असतात, त्यामुळे पाणीही बरंच आलं.

"आमची चूक झाली," ते म्हणाले. "शलाकाबाई माळावर जाणार नाहीत!"

टिटवीने अशी आरोळी ठोकली, की पलीकडच्या डोंगरावरची वटवाघळं भरदिवसा जागी झाली. वरिष्ठांनी चूक कबूल केली होती, मुलांनो! हे त्या जंगलात प्रथमच घडत होतं.

"एवढा गुणी प्राणी," साहेब पुढे म्हणाले, "वडाखाली पानं तपासत बसतो, हे आम्हाला शोभत नाही. आजपासून शलाकाबाई सर्ववन औदार्य प्रमुख! डोंगरमाथ्यावर त्यांना स्वतंत्र गुहा. अठरा समित्या. औदार्य कसं करावं, यावर त्या रोज व्याख्यान देतील. पानांना हात लावायची त्यांना आता गरज नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ऊर्जिताचे पंख अर्ध्यावर थांबले.

"मग आमची टीम?"

"तीही सोय झाली. कूर्मेकाका मोकळेच आहेत."

शलाकाताई निघाली तेव्हा तिने आणखी एक काटा उपटून ऊर्जितापुढे ठेवला.

"ताई, चिडलात?"

"नाही गं. तू अगदी खरं बोललीस."

"मग?"

"आणि फार मोठ्याने बोललीस," ताई म्हणाली आणि डोंगर चढू लागली. मागे बघण्याइतकी मान साळिंदराला वळवता येत नाही. निदान ऊर्जिताने स्वतःची समजूत तशीच घातली.

कूर्मेकाकांची सकाळची बैठक दुपारी संपू लागली. "आमच्या वेळी मोबाईल नव्हते, तरी वाघ होते," हे ते रोज सांगत. पानं मात्र वेळेवर ढोलीत पडत होती. कशी, हे काकांनी कधी विचारलं नाही.

एके दिवशी निनादने लाल आणि हिरवा उलटा लिहिला. माकडांनी तक्रार केली. काका हळूहळू गरजले, "कुणाचं... पान... आहे... हे?"

त्यांचा प्रश्न संपायच्या आत टिटवीने उडी मारून ससुल्याच्या ठशावर आपली तीन बोटं दाबली. ती पुरेनात, म्हणून चारदा दाबली.

"माझं," ती म्हणाली. पुढचे तीन दिवस ती निनादशेजारी बसली.

पान नीट झालं तेव्हा निनादचे डोळे भरून आले. "ऊर्जिता, यंदाच्या कौतुकसभेत मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, की तू..."

टिटवीने पंखाने त्याचं तोंड दाबलं. "खबरदार! एक चांगला शब्द काढलास तर चोच मारीन!"

कौतुकसभा आली. यंदा लहानांनाही दोन मिनिटं मिळाली होती. निनाद उभा राहिला. त्याने ऊर्जिताकडे बघितलं.

"ऊर्जिता टिटवी," तो म्हणाला, "अतिशय कटकटी आहे. सारखी मागे लागते. शिवाय तिचा आवाज वाईट आहे."

गवेसाहेबांनी मान डोलावली. कूर्मेकाकांनी, "मी म्हणालोच होतो," म्हणून नोंद केली. टिटवीला वडाखालीच ठेवायचं ठरलं.

ऊर्जिताने पंखात तोंड लपवलं. इतकं भरभरून तिचं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

तात्पर्य : सहकाऱ्याचे गुण जरूर गावेत, पण वडीलधारे ऐकत नाहीत ना, ते आधी बघून घ्यावं. सहकारी नकोसाच झाला असेल, तर मात्र खुशाल भर सभेत गावेत.