म्हाळूआबा हरवायचे तेव्हा

म्हाळूआबांविषयी लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. त्यांचा विषय निघाला की मी त्यांच्या गमती सांगायचो, सगळे हसायचे, आणि नेमकं जिथं माझं नाव यायचं तिथं मला चहाची आठवण व्हायची. परवा माझ्या मुलीचा, वैशालीचा, पुण्याहून फोन आला. "पप्पा, आमच्या चिन्मयला शाळेत एकटा पाठवू का? तुमचे आबा असते तर काय म्हणाले असते?" मी म्हटलं, कुकरची शिट्टी झाली, नंतर बोलू. कुकर लावलेलाच नव्हता. म्हणून आज बसून लिहितोय, आणि या वेळी मध्येच उठणार नाही.

म्हाळूआबा दर रविवारी हरवायचे.

म्हणजे असं, की हा साठी ओलांडलेला, खांबासारखा उंच माणूस आमच्या पदमपुऱ्यातल्या एखाद्या पोराला घेऊन गुलमंडीच्या नाहीतर शहागंजच्या बाजारात जायचा, त्याला मूठभर रेवड्या घेऊन द्यायचा, आणि भर चौकात थांबून म्हणायचा, "मी हरवलो. मला घरी ने."

झालं. तिथून पुढं आबांना काही म्हणजे काही कळायचं नाही. पाटी वाचता यायची नाही, उजवं-डावं समजायचं नाही. पोरगं वळेल तिकडं हे मुकाट मागं. मध्येच घाबरा चेहरा करून विचारायचे, "आरं, आपुन पोचतो का नाय?" शेजारच्या बंड्यानं एकदा त्यांना पदमपुऱ्याऐवजी थेट रेल्वे स्टेशनावर नेलं. आबांनी दोघांची प्लॅटफॉर्म तिकिटं काढली, बाकावर मांडी ठोकली, चहूकडं बघितलं आणि म्हणाले, "लई मोठं घर बांधलं रे तुझ्या बापानं!" बंड्या रडकुंडीला आला. मग हमालांना विचारत विचारत त्यानं आबांना घरी आणलं, आणि दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं की मला शाळेत सोडायला यायचं नाही.

वाट कुणाला विचारायची याचंही आबांचं शास्त्र होतं. "गाडीवरच्याला इचारू नको. त्यो हात करतो अन् निघून जातो. बसलेल्याला इचार. बसलेल्याला टाइम असतो." त्यामुळं आमच्या कॉलनीतल्या झाडून सगळ्या पोरांना "चच्चा, पदमपुरा किधर पडता?" हे वाक्य पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

आबा मूळचे पैठणकडचे, मेंढ्या राखणाऱ्या घरातले. निजामाच्या काळात पोरवयात मोटारी धुवायला लागले, पोलीस अ‍ॅक्शननंतर ड्रायव्हर झाले आणि पुढं एस.टी.त निवृत्त होईपर्यंत स्टिअरिंग सोडलं नाही. बायको वारलेली, आमच्या कॉलनीत भाड्याच्या एका खोलीत एकटेच राहायचे. मुलगा भगवान वाळूजच्या एका कारखान्यात, राहायला बजाजनगरला. हाकेच्या अंतरावर म्हणायला हरकत नाही, पण यायचा दिवाळीला. आबांचं अंग मात्र अजून गाडीतच होतं. पायी चालतानाही उजवीकडं वळायचं झालं की हात बाहेर काढायचे. अरुंद बोळात समोरून हातगाडी आली की मागं सरकताना स्वतःलाच "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचे.

अशा माणसाचा राग कशावर असावा? तर पोरांना गाडीवरून शाळेत सोडण्यावर. सकाळी कॉलनीच्या फाटकापाशी दगडावर बसायचे आणि स्कूटर दिसली की आरोळी ठोकायचे, "आलं पार्सल! कोणत्या डेपोचं हाय?"

मी एकदा म्हटलं, "आबा, जन्मभर लोकांना गाडीत बसवलंत, आणि आता आम्हालाच नावं ठेवता?"

"म्हनून तर सांगू ऱ्हायलो, सायेब. गाडीत बसला की माणूस झोपतो. म्या आरशात बघितलंय."

"रहदारी किती वाढलीय बघा. काही झालं म्हणजे?"

"व्हय, वाढलीय की. समद्यांनी आपापलं पार्सल गाडीवर घातलंय, मंग काय व्हईल?"

माझ्या स्कूटरवर पुढं उभं राहणारं पार्सल म्हणजे वैशाली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली, एकुलती एक. ती खदखदून हसायची. मी हसायचो नाही. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात हिशेब बघायचो, तिची शाळा छावणीत, दोन्हीकडं दोन तोंडं. तरी सकाळी सोडायचो मी, आणायला तिची आई रिक्षानं जायची. रविवारी आबांबरोबर जाण्यासाठी वैशाली हट्ट धरायची, पाय आपटायची. मी कधी पाठवलं नाही. म्हणायचो, "पोरं म्हणजे काय मेंढरं आहेत?" हे आबांच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचो.

ती तिसरीत असताना माझ्या सासूबाई आजारी पडल्या आणि बायको जालन्याला गेली. पोरीला आणायचं काम माझ्याकडं आलं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, वेळेवर निघालो. क्रांती चौकात एका टीव्हीच्या दुकानाबाहेर गर्दी होती. क्रिकेटची मॅच चालली होती आणि आपली जोडी जमली होती. म्हटलं, एक-दोन ओव्हर बघू. स्कूटर स्टँडला लावली.

काय सांगू, मला मुलगी आहे हेच मी विसरलो.

शाळेत पोहोचलो तेव्हा फाटकाला कुलूप होतं. छावणीचा बाजार पालथा घातला, पुलावर थांबून खाली नदीत डोकावलो. घरी आलो, तिथंही नाही. कॉलनी गोळा झाली. कुणी पोलिसांत जाऊ म्हणालं, कुणी जालन्याला तार करू म्हणालं. आणि तेवढ्यात कोपऱ्यावर आबांचा उजवा हात दिसला. पाठोपाठ आबा. त्यांचं बोट धरून पुढं वैशाली, दप्तर पाठीवर, चेहऱ्यावर धूळ, आणि लांबूनच ओरडत, "पप्पा, आबा हरवले होते! मी आणलं त्यांना!"

मी धावत गेलो ते तिच्याकडं नाही, आबांकडं. "पोरीला कुठं घेऊन फिरत होतात? तुम्हाला काही लाज?"

सगळे बघत होते. कुणीतरी विचारलं, "तुम्ही आणायला गेला नव्हता का?"

आणि मी म्हणालो, "मी वेळेवर गेलो होतो. यांनी आधीच नेली होती."

हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या कुणी नाही.

आबांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि म्हणाले, "चूक झाली, सायेब. पोरीला घेऊन फिराया नको हुतं."

रविवारी गणपतीच्या मंडपाच्या जागेवर कॉलनीची बैठक भरली. यापुढं कुणाचंही मूल आबांबरोबर पाठवायचं नाही असं ठरलं. बंड्याच्या आईनं तोंड उघडायचा प्रयत्न केला, तर मी म्हटलं, "तुमचं पोरगं नाहीसं झालं असतं म्हणजे कळलं असतं." आबा बैठकीला आले नाहीत. त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालून घेताना वैशालीनं विचारलं, "आबा आता कधी हरवणार?" मग एकेक बाहेर आलं. शाळेपाशी खूप वेळ थांबून ती एकटीच निघाली होती. पुलावर तिला रडू फुटलं. तिथं आबा भेटले, छावणीच्या बाजारातून येताना.

"मी त्यांना सांगितलं, पप्पा मला विसरले. तर ते म्हणाले, तुझा बाप कशाला विसरतोय? माझीच वाट चुकलीय. मला घरी ने."

"मग?"

"मग काय, मी कशाला रडू? त्यांनाच काही कळत नव्हतं. मी दोनदा चुकले, ते पण चुकले."

कंगवा माझ्या हातात तसाच राहिला. म्हणजे मी सगळ्यांसमोर खोटं बोललो तेव्हा आबांना खरं काय ते माहीत होतं. एका शब्दात ते मला उघडं पाडू शकले असते. पण मग वैशालीलाही कळलं असतं की बाप खरंच विसरला होता.

त्यानंतर फाटकापाशी पार्सलाची आरोळी बंद झाली. आबा दगडावर बसायचे, स्कूटर आली की नुसतं "राम राम" म्हणायचे. रविवारी एकटेच गुलमंडीवर जायचे आणि लवकर परत यायचे. वाट चुकवणारं बरोबर कुणी नव्हतं ना.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी खोली सोडली. गावी भावाकडं जाणार म्हणाले. मी म्हटलं, बसस्टँडवर सोडतो. एक ट्रंक, एक घोंगडी आणि माझ्यामागं आबा. सांगायचं वाक्य मी तोंडात घोळवत होतो. स्कूटरवर बरं असतं, माणसाचं तोंड दिसत नाही. पण आबा मागून सूचना देऊ लागले. "गेर टाका. आता नगं, आता. क्लच सोडा हळू. अंडी हायेत समजा मागं." बसस्टँड आला.

पैठणची गाडी उशिरा होती. आम्ही चहा घेतला. पोरांच्या सहलीची एक गाडी समोर उभी होती, तिच्याकडं बघत आबा आपणहून बोलू लागले.

"भगवान दुसरीत असंल. म्या कायम मुक्कामी गाडीवर. येकदा सुट्टी भेटली, म्हनलं पोराला शाळंतून आणावं. धुतलेला सदरा घालून गेलो. शाळा सुटली, समदी पोरं गेली, माझं काय दिसंना. म्या भलत्याच शाळंम्होरं हुबा!"

"घरी विचारलं नव्हतं का?"

"लाज वाटली, सायेब. बापाला पोराची शाळा ठाव नाय, हे बायकूला कसं सांगावं? तर हे बेटं आपलं आपलं चालत येऊ ऱ्हायलं. मला बघितलं, म्हनलं, बा, तुम्ही हरवले का? म्या म्हनलं, व्हय. तर त्यानं माझं बोट धरलं अन् घरी नेलं. रस्ताभर सांगू ऱ्हायला, हितं गटार हाय, हितं कुत्रं चावतं." ते हसले. कपातला शेवटचा घोट तसाच धरून बसले. "पुन्हा काय त्यानं बोट धरलं नाय. म्या घरी कुठं असायचो?"

गाडी लागली. ड्रायव्हरनं ती मागं घेताना स्टिअरिंग उशिरा कापलं, असं आबांनी मला सांगितलं. मग वर चढून खिडकीशी बसले. मी खाली उभा. गाडी सुटायला अजून वेळ होता. कंडक्टर पान खायला गेला होता. मला कुणी घाई करत नव्हतं.

"आबा," मी म्हटलं.

"काय, सायेब?"

"पाण्याची बाटली भरून आणू का?"

"नगं. वैशीला सायकल घ्या."

सायकल मी घेतली. शाळेला ती एकटी जाऊ लागली. पैठणला मात्र मी गेलो नाही. सुट्टी नाही, पाऊस आहे, पोळ्यानंतर बघू, असं करत राहिलो. त्यांचा पुतण्या बाजाराला आला होता, त्याच्याकडून कळलं की आबा गेले, त्यालाही बरेच महिने होऊन गेले होते.

खिडकीखाली उभं राहून मला जे म्हणायचं होतं, ते एवढंच होतं: आबा, त्या दिवशी मी वेळेवर गेलो नव्हतो. मी पोरीला विसरलो होतो, आणि नाव तुमचं घेतलं. मला माफ करा.