शाल, श्रीफळ आणि दुपारचे दोन ते चार

गोंगाट कसा थांबवावा, हे मला कोणी शिकवू नये. सांगलीच्या कन्याशाळेत मी एकवीस वर्षे मुख्याध्यापिका होते. माझी चप्पल जिन्यावर वाजली की वरच्या मजल्यावरचे सहा वर्ग एका दमात शांत होत. त्यामुळे चंडीगडच्या सेक्टर बावीसमध्ये चार मुलींनी माझी दुपारची झोप हिरावून घ्यावी, हे मला मानवणारे नव्हते.

घर भाड्याचे. तळमजल्यावर घरमालक छाबडा, पहिल्या मजल्यावर आम्ही आणि डोक्यावर गच्ची. त्या गच्चीवर छाबडांची कन्या हिमानी तीन मैत्रिणींना घेऊन युवा महोत्सवासाठी गिद्दा या पंजाबी नाचाचा सराव करी, रोज दुपारी दोन ते चार. गिद्दा म्हणजे टाळ्या, टाचा आणि आरोळ्या. टाळ्या आणि आरोळ्या एक वेळ सोसवतात. टाचा मात्र थेट माझ्या पलंगावर उतरत. बंद असलेला छताचा पंखाही बिचारा डोलू लागे.

मी हालचाल करणार, हे चिरंजीवांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखले. देवेंद्र सेक्टर सतरामधल्या बँकेत मोठा अधिकारी आहे. घरी मात्र त्याचा आवाज खालच्या पट्टीत असतो.

"आई, दोन वर्षांतलं हे तिसरं घर आहे," तो म्हणाला. "हेही गेलं तर या भागात आपल्याला कोणी घर देणार नाही. भांडू नकोस, एवढंच मागणं आहे."

मी भांडत नाही. आधीच्या दोन घरमालकांना मी केवळ शिस्त लावू पाहिली होती. या वेळी तर मी तेही करणार नव्हते. मी सत्कार करणार होते.

आमच्या शाळेत हा उपाय कधी चुकला नाही. चित्रकलेचे एक शिक्षक निवृत्तीनंतरही वर्षभर फळ्यापाशी उभे राहत. मी त्यांना शाल पांघरली, हाती श्रीफळ दिले, दोन गौरवाचे शब्द बोलले. दुसऱ्या दिवशी ते मला भाजीबाजारात दिसले. शाल-श्रीफळ मिळाले की माणसाला समजते, आपले झाले. असे अकरा जण मी सन्मानाने घरी बसवले. एक मुलगी ती काय!

ट्रंकेत एक शाल शिल्लक होती, लाल, जरीच्या काठाची. नारळ बाजारातून आणला. दुकानदाराने त्याला आपण होऊन लाल दोरा गुंडाळला आणि हात जोडून माझे अभिनंदन केले. उत्तरेकडचे दुकानदार फार अगत्याचे असतात, असे मी मनाशी नोंदवले. सत्काराला छायाचित्र हवे, म्हणून नातू अंशुमनला सोबत घेतले. तो नॉलेज सिटीतल्या एका संस्थेत संशोधन करतो, वय सत्तावीस, आणि एरवी चुरगळलेल्या शर्टात वावरतो. मी त्याला इस्त्रीचा झब्बा घालायला लावला आणि पेढ्यांचे तबक हाती दिले.

रविवारी सकाळी गच्चीवर कोवळ्या उन्हात सौ. छाबडा मटार सोलत बसल्या होत्या, मैत्रिणीही आल्या होत्या. मी हिमानीला समोर बसवले, कुंकू लावले, शाल पांघरली, नारळ ओंजळीत ठेवला, पेढा भरवला. मग माझ्या हिंदीत चार शब्द बोलले.

"दो महीने हमने आपकी बेटी को परखा है. अब इसका नाचना-कूदना बहुत हो गया. अब इसको घर में शोभा देना चाहिए."

सौ. छाबडांच्या मांडीवरचे मटार गच्चीभर सांडले. त्या धावत आल्या आणि त्यांनी मला कवटाळले. त्यांचे डोळे भरून आले होते. मैत्रिणी अंशुमनकडे पाहून खुदखुदत होत्या. माझ्या आग्रहाखातर तो हिमानीशेजारी उभा राहिला आणि छायाचित्र एका मैत्रिणीने काढले.

त्या दुपारी वर पाऊल वाजले नाही. दोन तास मी अशी झोपले की जणू सांगलीतच होते. संध्याकाळी मी देवेंद्रला म्हटले, "पाहिलंस? याला म्हणतात व्यवस्थापन."

दुसऱ्या दिवशी बरोबर दोन वाजता फाटकापाशी ढोल वाजू लागला.

एक नव्हे, दोन. मागे छाबडांचे सारे नातेवाईक, मिठाईचे खोके, फळांच्या परड्या. छाबडांनी देवेंद्रला फोन करून बँकेतून बोलावून घेतले होते. तो फाटकातून आत शिरला तोच "समधी साहब!" म्हणत त्यांनी त्याला उचललेच. खाली ठेवल्यावर तो जिन्याच्या पायरीवर बसला, तो उठेना. अंशुमनने मात्र फोनवर काहीतरी शोधले आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने तो माझ्याकडे आला.

"आजी, इकडे मुलाकडची वडीलधारी बाई मुलीला लाल चुनरी पांघरते, नारळ देते, तोंड गोड करते. याचा अर्थ लग्न ठरलं."

मी पदर सावरला आणि जिना उतरले. प्रार्थनेच्या वेळी करीत असे तसा उजवा हात वर केला. दोन्ही ढोल थांबले. (हे सांगितलेच पाहिजे: पंजाबचा ढोल मी एका हाताने थांबवला आहे.) मग मी सारे खरे सांगितले: शाळा, चित्रकलेचे शिक्षक, अकरा निवृत्त्या.

छाबडांचा हात परडीवरच राहिला. आमचे तिसरे घर मला दोरीला टांगलेले दिसत होते.

प्रथम हिमानी बोलली. "आजी जी, मतलब आपने मुझे रिटायर कर दिया? बाईस साल में?" आणि ती इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. "शुक्र है! मैं तो रात भर सोच रही थी, फेस्टिवल से पहले शादी कैसे करूँगी!" अंशुमननेही मोठा सुस्कारा सोडला. ढोलवाल्यांपासून नातेवाइकांपर्यंत सगळे हसू लागले.

सौ. छाबडा तेवढ्या हसल्या नाहीत. त्या माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "माताजी, एक बार कह देतीं कि दो बजे आप सोती हैं."

दोन महिन्यांत हे मी त्यांना सांगितलेच नव्हते. मुख्याध्यापिका विनंती करीत नाही. मी कशीबशी म्हणाले, "दो बजे हम सोते हैं, जी."

"बस, फिर पाँच बजे से नाचेंगी," त्या म्हणाल्या.

जिंकले! घर राहिले, झोप राहिली आणि भांडण झालेच नाही. देवेंद्र पायरीवरून उठला. इतक्यात सौ. छाबडा आत जाऊन एक फुलकारी, रेशमी भरतकामाची शाल, घेऊन आल्या. आलेला शगुन रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत, असे सांगत त्यांनी ती माझ्या खांद्यांवर पांघरली आणि दोरा बांधलेला तोच नारळ माझ्या ओंजळीत ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अंशुमनने छायाचित्र काढले. ढोल पुन्हा घुमला आणि मी मान ताठ ठेवून वर आले.

स्वयंपाकघराच्या दारात सूनबाई उभी होती. सुजाता अठ्ठावीस वर्षांत मला उलटून बोललेली नाही. मिसळणाचा डबा या घरात फक्त माझ्या हाती असतो आणि फोडणी फक्त मीच देते, ते का, हेही तिने कधी विचारले नाही. तिने फुलकारीकडे पाहिले, नारळाकडे पाहिले, फळीवरचा डबा उचलून काखेत घेतला आणि अत्यंत आदराने म्हणाली,

"आई, शाल झाली, श्रीफळ झालं. आता तुम्ही बसा."

मी बसले. आमटी चांगली झाली होती. हे मात्र मी अद्याप तिला सांगितलेले नाही.