तीन मजली केक आणि डावी लेन

काकांचं एक ठाम मत होतं: आपली लेन सोडून बाकीच्या सगळ्या लेन पुढे सरकतात. त्यामुळे शेजारची गाडी हातभर पुढे गेली रे गेली, की काकांचा इंडिकेटर लागलाच. ते तिकडे शिरले की ती लेन थांबायची आणि सोडून आलेली भराभर सुटायची. मग काका परत मूळ जागी. या माणसाला एका जागी टिकवायचं काही औषध निघालं तर पहिली बाटली मी घेईन, असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

त्या दिवशी मात्र काकूंच्या शेजारी, मागच्या सीटवर, तीन मजली केक होता. घरच्या ओव्हनवर वाढदिवसाचे केक करता करता काकूंना पहिल्यांदाच एका बड्या हॉटेलची ऑर्डर मिळाली होती. केक पसंत पडला तर दर शनिवारचं काम तुमचं, नाहीतर पुन्हा फोन करू नका, असं मॅनेजरने स्वच्छ सांगितलं होतं. बिचाऱ्या काकूंना आठवडाभर धड जेवण गेलं नव्हतं. आज लेन बदललीत तर चालत्या गाडीतून उतरेन, तीही केकसकट, असा दम त्यांनी निघतानाच भरला होता.

काकांनी पहिल्या सिग्नलपर्यंत शब्द पाळला. मग उजवीकडून एक बस झकास पुढे निघाली आणि त्यांचा हात आपोआप वळला. गाडी उजवीकडे गेली आणि केकचा वरचा मजला डावीकडे.

काकूंनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. हाताने सरकवावा तर क्रीमवर बोटं उमटणार. त्यांनी क्षणभर विचार केला आणि संसारात प्रथमच नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, डावी लेन घ्या. जरा झटक्यात."

"अगं, ती ठप्प आहे. पुढे सिमेंटचा ट्रक उभाय."

"केकला काय कळतंय ट्रकचं? घ्या म्हणते ना."

काका ट्रकमागच्या फटीत शिरले. वरचा मजला उजवीकडे आला, पण जरा जास्तच आला. म्हणून पुन्हा उजवी लेन. तिथे तो भलताच डावीकडे गेला. काकांची इतक्या वर्षांची विद्या पाण्यात गेली. छान सुटलेल्या लेन सोडून ते तुंबलेल्या लेन धरत होते, आणि आता राहू दे ना इथेच, अशी गयावया करत होते. एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून त्यांच्या तब्येतीची चौकशी केली.

अखेर मोटरसायकलवरच्या पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली. काकांना नळीत फुंकायला सांगितलं. काकांनी जीव खाऊन फुंकलं, निघालं काहीच नाही. मग त्याने मागे डोकावून पाहिलं. केकभोवती हात धरून बसलेल्या काकूंनी रडवेल्या आवाजात सगळी हकिकत सांगितली. पोलीस वाकला, एक डोळा मिटून केक न्याहाळू लागला.

"उजवीकडे कललाय," तो गंभीरपणे म्हणाला. "हॉटेलचं गेट उजव्या हाताला आहे. वळण जरा करकचून घ्या, बसेल जागेवर. तोवर मात्र सरळ चला, मी पुढे राहतो."

वळणावर काकूंनी डोळे गच्च मिटले. उघडले तर तिन्ही मजले एका रेषेत उभे होते.

मॅनेजरने केकभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. या रहदारीतून आलेला प्रत्येक केक कुठे ना कुठे दबलेला असतो, इतका सरळ केक आपण प्रथमच पाहतोय, असं तो म्हणाला. शनिवार पक्के झाले. "फक्त एक अट," तो म्हणाला. "आणायला ड्रायव्हर हेच हवेत."

काकूंनी काकांकडे पाहिलं. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा गुन्हेगाराचा. काकूंना एकदम त्यांची माया आली.

"म्हणजे काय," काकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्यासारखा एका लेनमध्ये गाडी चालवणारा माणूस शोधून सापडायचा नाही."

ही कोणाबद्दल बोलतेय ते पाहायला काकांनी मागे वळून बघितलं.