मधूच्या रक्तातलं लोखंड

रिपोर्ट कसा वाचायचा हे मला कोणी शिकवू नये. बावीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलीत मी. दर तीन महिन्यांनी इंजिनाचं तेल बाटलीत भरून लॅबला जायचं, आणि आलेल्या आकड्यांवरून मी सांगायचो, कुठलं बेअरिंग कधी रुसणार. त्यामुळे शनिवारी सकाळी बायकोने, मधुवंतीने, "निशी, माझ्या ब्लड टेस्टचा रिपोर्ट आलाय, बघ जरा," म्हणत फोन पुढे केला, तेव्हा म्हटलं, आण इकडे. रक्त म्हणजे तरी काय, माणसाचं तेलच!

साखर ठीक. कोलेस्टेरॉल ठीक. मग लोह. सहा महिन्यांपूर्वी चौतीस, आता शहाण्णव.

मी दोन्ही आकडे पुन्हा वाचले. शेजारी 'नॉर्मल' लिहिलं होतं, पण त्याला नवशिके भुलतात. जुना इंजिनियर बघतो, आकडा कुठून कुठे गेला. तेलात लोखंड वाढलं की आत काहीतरी झिजतंय, हे शेंबडं पोरही सांगेल. माझी मधू आतून झिजत होती!

"सगळं ठीक ना रे?"

"उत्तम," मी म्हटलं आणि तिच्या हातातली कढई काढून घेतली.

झिजत्या इंजिनाचा आधी भार कमी करायचा. मी कपडे वाळत घातले. सिंगापुरातल्या आमच्या टॅम्पिनीसच्या बाजारातून भाजी आणली. भांडी घासायला घेतली. जीव मात्र थाऱ्यावर नव्हता.

"बाबा भांडी घासतोय," लेक किमया म्हणाली आणि सिंगापुरी इंग्रजीत पुढे जोडलं, "समथिंग राँग लाह."

मधू ओट्याशी आली. "निशी, खरं सांग. नोकरी गेली का?"

मला राहवेना. "मधू, तू झिजतेयस गं. म्हणून तुझा भार कमी करतोय." रिपोर्ट दाखवला आणि ती काही बोलायच्या आत दंडाला धरून तिला लिफ्टने खालच्या क्लिनिकात नेलं.

डॉक्टरबाईंनी आकडा बघितला आणि हसल्या. "छान. गोळ्या लागू पडल्या."

"कसल्या गोळ्या?"

उत्तर मधूने दिलं. "लोहाच्या. रक्त कमी होतं माझं. जिन्यात चक्कर आली होती, ते तुला सांगितलं होतं. तू 'हं' म्हणालास. सहा महिने रोज जेवताना तुझ्यासमोर गोळी घेतेय."

जहाजावर गाढ झोपेतही इंजिनाचा आवाज बदलला तर मी ताडकन उठून बसायचो. हे डॉक्टरबाईंना सांगणार होतो, त्याऐवजी मधूसाठी दार उघडून धरलं.

"चल घरी," लिफ्टचं बटण दाबत मधू म्हणाली. "भांडी अर्धी राहिलीत. आणि उद्याचीही तूच घास. भार कमी ठेवायचाय ना?"