समाप्तनंतर उठू नये

रविवारी दुपारी आजोबांनी सोफा टीव्हीपासून दोन हात मागे सरकवायला लावला, पडदे ओढायला लावले आणि सुनेच्या हातातला मोबाइल स्वतः काढून घेऊन फ्रिजवर ठेवला. "चालू खेळात उजेड चालत नाही," ते म्हणाले. छत्तीस वर्षं त्यांनी सिनेमा थिएटरात ऑपरेटर म्हणून काढली होती. आजही घरातला कुठलाही दिवा त्यांना विचारल्याशिवाय लागला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

दर रविवारी एकेकाने आपला सर्वांत लाडका सिनेमा बाकीच्यांना दाखवायचा, ही कल्पना नातीची. नियम एकच: कुणीही उठलं की सिनेमा बंद. मुलाचा सिनेमा अठराव्या मिनिटाला आटोपला, कारण त्याच्या बायकोला गच्चीवर वाळत घातलेले कपडे आठवले. सुनेचा पंचविसाव्या मिनिटापर्यंत गेला. मग नवऱ्याच्या घोरण्यात संवाद ऐकू येईनात, म्हणून तीच वैतागून उठली. नातीचा तर नऊ मिनिटंच टिकला. "यातला हिरो कोण ते कळलं की हाक मारा," असं म्हणून आजोबा आंघोळीला निघून गेले होते.

ते नातीला झोंबलं होतं. "तुमचा तरी कोण बघणार, आजोबा? जुन्या सिनेमात गाडी स्टेशनात यायलाच दहा मिनिटं लागतात."

"तू बघशील. वर समाप्तची पाटी आल्यावरही जागची हलणार नाहीस. हललीस तर या घरात मी पुन्हा सिनेमाचं नाव काढणार नाही."

हे ऐकून मुलाचा चेहरा उजळला. सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत वडिलांच्या तोंडून तो चाळीस वर्षं सिनेमाच ऐकत आला होता. त्यातही हा एक सिनेमा घरात सगळ्यांना पाठ होता, न बघताच. एक इंजिन ड्रायव्हर असतो, पूल कोसळून मरतो, समाप्तची पाटी येते, लोक चपला शोधू लागतात, आणि तेवढ्यात तो हसत परत येतो. "संपल्यावर पुन्हा सुरू होणारा सिनेमा," आजोबा सांगायचे, "असं डोकं पुन्हा कुणाचं चाललं नाही." त्यांच्या थिएटरात तो पंचवीस आठवडे चालला होता आणि मालकाने दारावर मोठी पाटी लावली होती: समाप्तनंतर उठू नये.

साक्षीदार म्हणून त्यांनी थिएटरातल्या जुन्या डोअरकीपरला बोलावून घेतलं होतं. अंधारात लोकांना जागा दाखवण्यात जन्म गेल्यामुळे त्याला सगळे बॅटरी म्हणत. तो तासभर आधीच आला आणि सोफा रिकामा असताना दाराजवळच्या खुर्चीत बसला.

सिनेमा सुरू झाला, आणि नवल म्हणजे कुणी उठेना. सून अर्ध्या तासात डोळे पुसू लागली. मुलगा जागा होता. दीड तासानंतर त्याला बाथरूमला जायचं होतं, पण पायावर पाय टाकून तो तसाच बसून राहिला. नातीने गुडघे पोटाशी घेतले होते. आजोबा पडद्याकडे कमी आणि तिच्या तोंडाकडेच जास्त बघत होते.

मग ड्रायव्हर काजळी माखलेल्या तोंडाने घरी आला आणि त्याचं लग्न लागलं.

"हे आत्ता कसं?" आजोबा पुटपुटले.

"काय झालं, बाबा?" सुनेने विचारलं.

"काही नाही. टीव्हीवर जरा मागेपुढे होतं."

लग्नानंतर पूल कोसळला, ड्रायव्हर गेला आणि समाप्तची पाटी आली.

"कुणी उठू नका," आजोबा म्हणाले.

सगळे बसून राहिले. टीव्ही काळा झाला. "येतो तो. धीर धरा," दाराजवळून बॅटरीने सांगितलं. आली ती कपड्यांच्या साबणाची जाहिरात. एक बाई पांढरी कॉलर बघून आनंदाने वेडी होत होती.

नातीने आपला फोन उघडून शोधलं. "आजोबा, हा सगळीकडे एका आठवड्यात उतरला होता. शेवट लोकांना सोसला नाही, असं लिहिलंय. परत येतो वगैरे काही नाही."

आजोबांनी बोटांवर रिळं मोजली. "तेरावं रीळ," मग ते हळूच म्हणाले. "शेवटच्या, चौदाव्यानंतर लागलं. डब्यांच्या झाकणांची अदलाबदल झाली असणार. मी झाकणावरचा नंबर बघितला आणि लावलं. पंचवीस आठवडे, रोज तीन खेळ."

रीळ चुकणं याहून मोठी नामुष्की ऑपरेटरच्या धंद्यात नाही. एवढ्यासाठी त्यांनी नवशिक्यांचे कान पिळले होते. बॅटरीने छताकडे नजर लावली. "आपण बुवा दारावर. वर काय चालायचं, आपल्याला काय ठाऊक."

"ठरलं तसं," आजोबा म्हणाले. "आजपासून नाव काढणार नाही."

हेच मुलाला हवं होतं, आणि ते मिळाल्यावर त्याला मुळीच बरं वाटलं नाही. वडील इतके लहान झालेले त्याने कधी पाहिले नव्हते.

"थांबा," नात म्हणाली. "अजून कुणी उठलेलं नाहीये. तेरावं रीळ कुठून सुरू होतं?"

"इंजिनाची शिट्टी वाजते तिथून."

तिने रिमोट घेऊन सिनेमा मागे नेला. शिट्टी वाजली. मेलेला ड्रायव्हर काजळी माखून, हसत इंजिनातून खाली उतरला आणि सून रडता रडता हसू लागली. लग्न लागताना मुलाने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की शेजारच्यांनी खिडकी उघडली. शेवटी ड्रायव्हर हात हलवत कामावर निघून गेला. "दिवे लावा," आजोबांनी हुकूम सोडला, तेव्हा कुठे मुलगा बाथरूमकडे पळाला.

"पण या हिशेबाने लग्नाआधीच नवरी त्याच्या घरात कशी राहत होती?" सुनेने विचारलं.

"पंचवीस आठवड्यांत हे कुणी विचारलं नाही."

नात सोफ्यावर उभी राहून टाळ्या वाजवत होती. "आजोबा, सगळीकडे आपटलेला सिनेमा तुम्ही चालवून दाखवलात. ज्याने काढला त्यालाही जमलं नाही ते."

"चुकून गं."

"असू दे. त्याच्या शेवटापेक्षा तुमची चूक चांगली आहे."

आजोबांची मान ताठ झाली. दाराजवळ बॅटरी खाकरला.

"एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "त्या दिवशी ते डबे जिन्यावरून वर कुणी आणले? मी. धूळ होती म्हणून झाकणं काढून, पुसून पुन्हा कुणी बसवली? मीच. तेव्हा तसं बघायला गेलं तर..."

"मघाशी तू दारावर होतास."

"झाकणं बसवून मग दारावर गेलो."

आजोबा ताडकन उठले. "आणि रीळ कुणी लावलं? डब्यात डोकावून बघायचं काम कुणाचं होतं? माझं. मी बघितलं नाही. चूक माझी आहे."

"सुरुवात माझी."

"अरे, पण निभावली कुणी?"

चहा आला, निवला, पुन्हा गरम झाला, तरी दोघे ऐकेनात. शेवटी नातीने निवाडा दिला: चूक दोघांची, निम्मी निम्मी. दोघांनाही आपला वाटा कमी वाटला.