सहदेवच्या छातीतले दोन तुकडे

छाती तपासणारी एक्स-रेची गाडी कुंभिवलीच्या बुद्धविहारासमोर उभी राहिली, तेव्हा विहाराच्या मंडळाचा अध्यक्ष सहदेव याने सगळ्यांत आधी नाव दिलं. देणं भागच होतं. दीक्षा घेतल्यापासून अठरा वर्षं हा माणूस वस्तीला एकच सांगत आला होता, गंडे-दोरे सोडा आणि डॉक्टरकडे जा. पण गेला महिनाभर त्याच्याच छातीत कळ येत होती, आणि कळ आली की अध्यक्षालासुद्धा भीती वाटतेच. डोंगरावरच्या भगताकडून गुपचूप आणलेला तांब्याचा ताईत आज त्याच्या बनियनच्या आतल्या खिशात होता.

"सदरा, बनियन काढा," डॉक्टर म्हणाले. "हृदय मोठं झालंय का बघू."

मागे अख्खी वस्ती रांगेत उभी. सहदेवने सदरा तेवढा काढला. "डाक्टर, अंगावर गजकर्ण हाय. बनियन ऱ्हाऊ द्या."

डॉक्टरांनी ऐकलं. रांग मात्र दोन हात मागे सरकली.

अर्ध्या तासाने ओली प्लेट उन्हात धरून डॉक्टर ओरडलेच, "अहो, छातीत धातूचे दोन तुकडे आहेत! काही गिळलंत का?"

"दोन?" सहदेवने हळूच खिसा चाचपला. एकाचा पत्ता त्याला ठाऊक होता, पण हा दुसरा कुठला? लघवीचं निमित्त काढून तो गाडीमागे गेला, ताईत बुटात सारला आणि परत येऊन म्हणाला, "आणकी एक फोटू काढा."

दुसरी प्लेट बघून डॉक्टरच घाबरले. "एक तुकडा नाहीसा झालाय. सरकला असणार! ताबडतोब मुंबईला न्या, छाती उघडावी लागेल."

वस्तीतला पांडू टेंपो आणायला शिळफाट्याला पळाला. सहदेवची बायको चंद्राबाई रांग सोडून पुढे धावली. चौघांनी सहदेवला बाकावर आडवं केलं, तेही गजकर्णाला हात लागणार नाही अशा बेताने. शेजारची म्हातारी ठकूबाई डोळे पुसत म्हणाली, "लई गुणी व्हता गं!"

टेंपोचा हॉर्न वाजला आणि सहदेव ताडकन उठला. "कापू नका!" त्याने बूट उपडा केला. ताईत डॉक्टरांच्या पायाशी पडला. "ह्यो माझा. पर दुसरा खरंच माझा नाय!"

चंद्राबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "त्यो ताईत मी टाकलाय. बनियनच्या शिवणीत. तुमी वरडाल म्हून बोलले नाय."

आता बनियन उतरवावंच लागलं. तिसरी प्लेट स्वच्छ आली. "हृदय ठणठणीत आहे. पित्त झालंय," डॉक्टर म्हणाले. "आणि गजकर्ण कुठाय?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सहदेवला झालं. मान खाली घालून, उघड्या अंगाने तो रांगेसमोर आला. "मी तुमाला फसवलं. अध्यक्षपद सोडतो मी."

त्याने मान वर केली, तर रांगच नव्हती. सगळी वस्ती चिंचेखाली एकमेकांकडे पाठ करून उभी होती आणि जो तो दंडाशी, गळ्याशी, कमरेशी खटपट करत होता.

ठकूबाई तेवढी पुढे आली. तिने पदराआडून गंडा बांधलेला दंड बाहेर काढला.

"सोड बाबा अध्यक्षपद, पर आदी ही गाठ सोड. तुला दिसू नये म्हून इतकी वर बांदलीय का माझाच हात पोचंना."